विश्लेषण : जागृत ज्वालामुखीच्या पायथ्याशी मुक्काम, लॉज निवडताना काय पाहावे?

१८ जून २०२५ रोजी दिल्लीहून बालीकडे निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतूनच परत फिरले. विमानात बिघाड नव्हता, बालीत वादळही नव्हते. बालीपासून सुमारे ८०० किलोमीटरवर फ्लोरेस बेटावरील लेवोतोबी लाकी-लाकी ज्वालामुखीचा आदल्या दिवशी उद्रेक झाला होता आणि राखेचा स्तंभ १० किलोमीटरच्या वर गेला होता. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्येही याच ज्वालामुखीमुळे भारतातून बालीला जाणारी विमाने रद्द झाली होती. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातून बेंगळुरू किंवा मुंबईमार्गे बालीला जाणाऱ्या पर्यटकांसाठी ज्वालामुखी हे आता सहलीचे एक आकर्षण झाले आहे. पहाटे बातूर चढायचा, ब्रोमोच्या कड्यावरून सूर्योदय पाहायचा आणि त्यासाठी आदल्या रात्री जवळच राहायचे, असा बेत ठरतो. लॉजची निवड मात्र फोटो, दर आणि न्याहारी पाहून होते. ज्वालामुखीजवळच्या मुक्कामात यापेक्षा वेगळ्या गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

भारतात अशा मुक्कामाची सोय आहे का?

नाही. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, ते सुमारे १४० किलोमीटरवर आहे. १७८७ मध्ये तेथील उद्रेकाची पहिली नोंद झाली. एकोणिसाव्या शतकातील उद्रेकांनंतर दीडशेहून अधिक वर्षे तो शांत होता आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संशोधन नौकेवरून त्याला राख आणि लाव्हा ओकताना पाहिले. सप्टेंबर २०२५ मध्येही त्याचे सौम्य उद्रेक नोंदले गेले. बेटावर मनुष्यवस्ती नाही, मुक्कामाची सोय नाही. पर्यटकाला ते बोटीतून, लांबूनच पाहावे लागते.

सह्याद्रीचा काळा दगड हाही लाव्हाच आहे. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार हे सारे त्याच थरांवर उभे आहेत. कोकणातील उन्हवरे, राजवाडीसारख्या गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे खाली ज्वालामुखी आहे असा समज होतो; तोही खरा नाही. जमिनीत खोलवर गेलेले पाणी तापून भेगांतून वर येते, एवढेच. त्यामुळे जागृत ज्वालामुखीजवळ राहायचे तर देशाबाहेर जावे लागते. त्यात मराठी पर्यटकाला खर्चाने आणि अंतराने सोयीचा पडतो तो इंडोनेशिया. तेथे सुमारे १३० जागृत ज्वालामुखी आहेत.

‘जागृत’ म्हणजे सतत पेटलेला का?

ज्वालामुखी जागृत म्हणजे गेल्या काही हजार वर्षांत त्याचा उद्रेक झालेला आहे आणि पुन्हा होऊ शकतो. आज तेथे धूरही दिसणार नाही, किंवा उद्याच राख उडेल. म्हणून ‘जागृत आहे का’ यापेक्षा ‘सध्या इशारा कोणता आहे’ हे विचारणे उपयोगाचे.

ही पद्धत कोल्हापूरकरांना नवी नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे येथे शाळकरी मुलालाही माहीत असते. इंडोनेशियात ज्वालामुखींसाठी अशा चार पातळ्या आहेत. पहिली ‘नॉर्मल’, दुसरी ‘वास्पदा’ म्हणजे सावध, तिसरी ‘सियागा’ म्हणजे सज्ज आणि चौथी ‘आवास’. मराठीत आवास म्हणजे घर, पण तेथे आवास जाहीर झाले की घर सोडायचे असते. बांडुंग येथील ज्वालामुखी निरीक्षण केंद्र या पातळ्या ठरवते आणि ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या संकेतस्थळावर त्या रोज पाहता येतात. पातळीसोबत विवरापासून किती किलोमीटरच्या आत जायचे नाही, हेही दिलेले असते. लॉजचे बुकिंग करण्यापूर्वी, निघण्याच्या आठवड्यात आणि मुक्कामाच्या सकाळी अशी तीनदा ही नोंद पाहावी. जपान, न्यूझीलंड, आइसलँड, अमेरिका या देशांतही अशीच सरकारी व्यवस्था आहे, मात्र प्रत्येकाचे आकडे वेगळे आहेत. न्यूझीलंडची दुसरी पातळी आणि इंडोनेशियाची दुसरी पातळी एकच समजू नये.

पातळी खालची असेल तर धोका नाही, असे समजावे का?

असे समजल्याने माणसे दगावली आहेत. २७ सप्टेंबर २०१४ रोजी जपानच्या ओंताके पर्वतावर शनिवारची सुटी साधून शेकडो लोक चढले होते. इशारा सर्वात खालच्या, पहिल्या पातळीचा होता. दुपारी बाराच्या सुमारास अचानक स्फोट झाला आणि ६३ जण मृत किंवा बेपत्ता झाले. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर ४७ जण होते, त्यातील २२ जणांचा मृत्यू झाला. तेथील पातळी तीन आठवड्यांपूर्वी वाढवून दोनवर नेली होती, तरी पर्यटकांच्या फेऱ्या चालूच होत्या. ३ डिसेंबर २०२३ रोजी सुमात्रातील मारापी पर्वतावर ७५ गिर्यारोहक होते, त्यातील २४ जण मृत्युमुखी पडले. पातळी दोन होती आणि विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये, अशी सूचनाही होती.

जमिनीतील पाणी खालच्या उष्णतेने एकदम वाफ होऊन फुटते, तेव्हा असे स्फोट होतात. प्रेशर कुकरचे झाकण उडावे तसा हा प्रकार. यात शिलारस वर चढावा लागत नाही. त्यामुळे भूकंपाचे धक्के, जमीन फुगणे अशी पूर्वसूचना फार थोडी मिळते किंवा मिळतच नाही. याचा अर्थ असा की पातळी विवराच्या काठावर उभे राहण्याची हमी देत नाही. पण असे स्फोट बहुधा विवरापासून काही किलोमीटरच्या आतच जीवघेणे ठरतात. म्हणून विवराच्या काठी घालवलेला अर्धा तास आणि पाच-सहा किलोमीटरवरच्या लॉजमध्ये काढलेली रात्र या दोन वेगळ्या जोखमी आहेत. दोन्हींचा निर्णय वेगवेगळा घ्यावा. लॉज सुरक्षित जागी आहे म्हणून पहाटेची चढाईही सुरक्षित ठरत नाही.

मग लॉज किती किलोमीटरवर असावा?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत फसवा प्रश्न हाच. नुसते अंतर पुरेसे नाही. लॉज उंचावर आहे की ओढ्याकाठी, हे पाहावे लागते.

लाव्हारस साधारणपणे संथ वाहतो. त्यातून माणूस बहुधा चालतही निसटू शकतो, घर मात्र वाचत नाही. जीव घेतात त्या दोन गोष्टी. एक म्हणजे तप्त राख आणि वायूचा लोट. तो मोटारीपेक्षा वेगाने उतरतो आणि दऱ्या धरून येतो. दुसरी म्हणजे राख आणि पाणी मिसळून होणारा चिखलाचा लोंढा. याला इंडोनेशियन भाषेतून आलेला ‘लाहार’ हा शब्द जगभर वापरतात. लाहारला उद्रेकच लागतो असेही नाही. महिन्यांपूर्वी उतारावर साचलेली राख एका जोरदार पावसाने खाली येते.

१३ नोव्हेंबर १९८५ रोजी कोलंबियातील नेवादो देल रुईझ या ज्वालामुखीच्या उद्रेकाने माथ्यावरचा बर्फ वितळला आणि लाहार नद्यांच्या पात्रांतून खाली आला. नदीच्या वाटेने ७० किलोमीटरहून अधिक दूर असलेले आर्मेरो शहर सुमारे अडीच तासांनी गाडले गेले. एकूण २३ हजारांहून अधिक माणसे गेली. ज्वालामुखी इतका दूर असताना आपल्याला काय होणार, असेच तेथील लोकांना वाटत होते. धोका दाखवणारा नकाशा त्याआधी महिनाभर तयार होता.

कोल्हापुरात घर घेताना जाणता माणूस पंचगंगेपासूनचे अंतर मोजत नाही, निळी आणि लाल पूररेषा पाहतो. नदीपासून लांब पण सखल भागातील घर बुडते आणि नदीजवळचे उंचावरचे घर कोरडे राहते, हे २०१९ आणि २०२१ च्या पुरांत दिसले. ज्वालामुखीभोवतीही अशाच रेषा आखलेल्या असतात. इंडोनेशिया, जपान, अमेरिका येथील सरकारी संस्था प्रत्येक महत्त्वाच्या ज्वालामुखीचा धोका-नकाशा प्रसिद्ध करतात. लॉजचे ठिकाण मोबाइलवरील नकाशात पाहावे, मग त्याची जागा धोका-नकाशात शोधावी. विवरापासून निघणारा ओढा लॉजच्या अंगणातून जात असेल, तर ‘नदीकाठची निसर्गरम्य खोली’ हीच सर्वात वाईट खोली असू शकते.

चांगली जागा कशी असते?

कोस्टा रिकातील अरेनाल ऑब्झर्व्हेटरी लॉज हे अभ्यासण्यासारखे उदाहरण. १९६८ मध्ये अरेनालचा उद्रेक होऊन ८७ जण मरण पावले आणि त्यानंतर तो २०१० पर्यंत धुमसत राहिला. या काळात, १९८७ मध्ये, शास्त्रज्ञांच्या निरीक्षणासाठी समोरच्या डोंगरसोंडेवर एक ठिकाण उभे राहिले. त्याचेच पुढे लॉज झाले. विवरापासूनचे अंतर तीन किलोमीटरहूनही कमी, म्हणजे आकड्यात पाहिले तर धडकी भरावी असे. पण लॉज आणि पर्वत यांच्यामध्ये नदीची खोल दरी आहे आणि लॉज वेगळ्या उंचवट्यावर आहे. खाली येणारा लोट आधी त्या दरीत उतरणार. ही जागा निरीक्षणाची गरज पाहून निवडली गेली होती.

या लॉजवरून आणखी एक धडा घेता येतो. २०१० नंतर अरेनाल शांत आहे. तरी ‘खिडकीतून रात्री लाल लाव्हा’ अशी जुनी वर्णने आणि फोटो आजही फिरत असतात. जी गोष्ट पाहायला जायचे ती सध्या घडते आहे का, हे निरीक्षण केंद्राच्या नोंदीवरून तपासावे, लॉजच्या जाहिरातीवरून नव्हे.

जागेइतकाच महत्त्वाचा असतो लॉज चालवणारा माणूस. ३ जून २०१८ रोजी ग्वाटेमालातील फुएगो ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. त्याच्या उतारावर ला रेउनियन हे गोल्फ रिसॉर्ट होते. सकाळपासून वाढत चाललेली हालचाल पाहून व्यवस्थापनाने पाहुणे आणि कर्मचाऱ्यांना वेळीच बाहेर काढले. नंतर तप्त लोटाने रिसॉर्टची जागा उद्ध्वस्त केली. त्याच परिसरातील सान मिगेल लोस लोतेस गावाला इशारा वेळेत पोहोचला नाही आणि ते गाव गाडले गेले. या उद्रेकात सुमारे दोनशे मृत्यू झाले आणि दोनशेहून अधिक लोक बेपत्ता राहिले. पर्वत एकच, दिवस एकच. रिसॉर्टची जागा वाईट होती, पण बाहेर पडण्याचा निर्णय वेळेवर झाला म्हणून तेथील माणसे वाचली.

बाली आणि जावात कुठे राहावे?

बालीतील बातूर १,७१७ मीटर उंच आहे. तो एका जुन्या, प्रचंड खोलगट मुखाच्या आत उभा आहे. त्या खोलगटात सरोवर आहे आणि त्याच्या काठी तोया बुंगका हे गाव आहे. पहाटेच्या चढाईला सोयीचे म्हणून अनेक जण तेथेच राहतात. दुसरा पर्याय वरच्या कडेवरचा, पेनेलोकान-किंतामणी भागातील. तेथून संपूर्ण पर्वत आणि सरोवर समोर दिसते आणि धोक्याच्या वेळी खाली उतरून पुन्हा घाट चढावा लागत नाही. १९२६ च्या उद्रेकात लाव्हाने जुने बातूर गाव आणि त्याचे मंदिर गाडले, तेव्हा गावकऱ्यांनी नवे गाव आणि नवे मंदिर वरच्या कडेवर उभारले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी काढलेला हा निष्कर्ष आहे. चढाईसाठी पहाटे तासभर आधी उठावे लागले तरी कडेवरचा मुक्काम बरा.

अगुंग हा बालीतील सर्वात उंच आणि सर्वात धोकादायक ज्वालामुखी. १९६३ मध्ये त्याने हजाराहून अधिक बळी घेतले. बेसाकिह हे बालीचे सर्वात मोठे मंदिर त्याच्याच उतारावर आहे. दर्शन घेऊन परतणे आणि उतारावरच्या होमस्टेमध्ये रात्र काढणे यात फरक आहे. अगुंगभोवती राहायचे तर धोका-नकाशा पाहिल्याशिवाय बुकिंग करू नये.

पूर्व जावातील ब्रोमोसाठी चेमोरो लावांग हे गाव सोयीचे. तेही मोठ्या मुखाच्या कडेवर आहे. खाली वाळूचा समुद्र म्हणावे असे मैदान पसरले आहे आणि मधोमध धूर सोडणारे विवर आहे. ब्रोमो अनेकदा दुसऱ्या पातळीवर असतो आणि तेव्हा विवरापासून एक किलोमीटरच्या आत जाण्यास मनाई असते. २००४ मध्ये तेथे अचानक झालेल्या स्फोटात दोघांचा मृत्यू झाला होता. विवराच्या पायऱ्यांवर माणसांची रांग दिसली म्हणजे मनाई उठली, असे नाही. येथे थंडी चांगलीच असते. साध्या लॉजमध्ये गरम पाणी आणि जाड पांघरूण मिळेल का, हे विचारून घ्यावे.

लॉजचालकाला काय विचारावे?

फोन किंवा संदेशावर पाच प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, सध्या इशाऱ्याची पातळी किती आणि मनाईची हद्द लॉजपासून किती लांब? लॉजचालकाला हे तोंडपाठ असायला हवे. ‘काही होत नाही साहेब’ असे उत्तर आले तर दुसरे ठिकाण पाहावे. दुसरा, येथून बाहेर पडायला रस्ते किती? पन्हाळ्याचा अनुभव ताजा आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची वाट दीर्घकाळ बंद राहिली. एकच रस्ता आणि तोही ओढ्यावरच्या पुलावरून जाणारा असेल, तर लाहार आधी तोच पूल नेतो.

तिसरा, रात्री इशारा आला तर पाहुण्यांना कोण उठवते आणि कुठे नेते? आइसलँडमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक गावाजवळ भूकंपांची मालिका सुरू झाली, तेव्हा प्रसिद्ध ब्लू लगूनच्या हॉटेलातील काही पाहुणे मध्यरात्रीच निघून गेले. लगून ९ नोव्हेंबरला बंद झाले आणि १० नोव्हेंबरच्या रात्री संपूर्ण गाव रिकामे करण्यात आले. अशा वेळी भोंगा, जमण्याची जागा आणि वाहन यांची उत्तरे तयार असावी लागतात. चौथा, छप्पर कसले आहे? साचलेली राख वजनदार असते आणि पाऊस पडल्यावर ती अधिकच जड होते. सपाट, कच्ची छपरे त्याखाली बसतात. उतरते, मजबूत छप्पर बरे. पाचवा, इशारा वाढल्यास पैसे परत मिळतात का, आणि कोणत्या पातळीपासून? हे उत्तर लेखी घ्यावे.

सहल टूर कंपनीमार्फत असेल, तर चढाई रद्द करण्याचा निर्णय कोण घेणार हेही आधी ठरवून घ्यावे. गटातील वीस जण निघालेले असताना एकट्याने मागे राहणे सोपे नसते. मागे राहिल्यास पैसे बुडणार नाहीत हे माहीत असेल तर निर्णय सोपा होतो.

तब्येतीचा प्रश्न कोणाला?

दमा, श्वसनाचे विकार, हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच लहान मुले आणि गर्भवतींनी विवराजवळ जाऊ नये, असेच तज्ज्ञ सांगतात. ज्वालामुखीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड घसा आणि छाती जाळतो. पूर्व जावातील इजेनची निळी ज्योत पाहायला लोक रात्री उतरतात. ती ज्योत म्हणजे जळणारा गंधकाचा वायूच. साध्या कापडी मुखपट्टीने हा वायू अडत नाही. राखेसाठी एन-९५ मुखपट्टी चालते, वायूसाठी गाळणी असलेला वेगळा मुखवटा लागतो. राख म्हणजे चुलीतील मऊ राख नव्हे, तो काचेचा आणि दगडाचा बारीक चुरा असतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा जवळ ठेवावा.

म्हणून लॉज निवडताना वाऱ्याची दिशाही पाहावी. त्या महिन्यात वारा नेहमी ज्या बाजूला वाहतो, त्या बाजूच्या गावांत राख आणि वायू अधिक येतो. पर्वताच्या वाऱ्याकडील बाजूचा लॉज त्या मानाने बरा. काही वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतात. त्यामुळे खळग्यातील जागेपेक्षा उंचावरची मोकळी जागा चांगली. सर्वात जवळचे रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर आहे, हेही विचारावे.

विमाने बंद पडली तर?

बहुतेक पर्यटकांना ज्वालामुखीचा फटका बसतो तो जिवाला नव्हे, खिशाला. सप्टेंबर २०१७ मध्ये अगुंगचा इशारा चौथ्या पातळीवर गेला, ऑक्टोबरअखेर तो कमी झाला आणि नोव्हेंबरअखेर पुन्हा चढवावा लागला. २७ नोव्हेंबरला बालीचा विमानतळ बंद झाला तो २९ तारखेपर्यंत. पहिल्याच दिवशी सुमारे ५९ हजार प्रवासी अडकले. विमानतळ ज्वालामुखीपासून जवळपास ६० किलोमीटरवर होता. त्याआधी एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील उद्रेकामुळे युरोपातील आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिले आणि सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली.

विमान कंपन्या एवढ्या सावध का? विमानाच्या इंजिनातील उष्णतेने राखेतील काच वितळते आणि आतल्या भागांवर चिकटते. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे जम्बो विमान जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. लंडनहून निघालेले हे विमान मुंबईला थांबून पुढे गेले होते. राखेबाहेर आल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि २६३ जण जाकार्तात सुखरूप उतरले. त्यानंतर राखेवर नजर ठेवणारी केंद्रे जगभर उभी राहिली. इंडोनेशियावरच्या आकाशाची जबाबदारी ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या केंद्राकडे आहे.

नैसर्गिक आपत्तीत विमान कंपनी तिकिटाचे पैसे परत करते किंवा दुसरे विमान देते. वेगळी भरपाई मात्र सहसा मिळत नाही आणि अडकलेल्या दिवसांचा हॉटेलखर्च बहुधा प्रवाशावरच येतो. तो प्रवास विम्यातून मिळू शकतो. मात्र विमा उद्रेकाची बातमी येण्यापूर्वी घेतलेला हवा. बातमी आल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ती ‘आधीच ज्ञात घटना’ ठरून दावा नाकारला जातो. पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीमुळे होणारा विलंब आणि सहल रद्द होणे यांचा उल्लेख आहे का, ज्वालामुखीवरील चढाई साहसी खेळ म्हणून वगळली आहे का, हे दोन मुद्दे वाचून घ्यावेत. परतीच्या दुसऱ्याच दिवशी लग्न, परीक्षा किंवा रुजू होण्याची तारीख ठेवू नये. ज्वालामुखीचा मुक्काम सहलीच्या शेवटी न ठेवता मध्ये ठेवावा, म्हणजे पुढे दोन-तीन दिवस हाताशी राहतात. औषधे आठवडाभर जास्तीची घ्यावीत. बालीत भारताची वकिलात आहे, तिचा पत्ता आणि क्रमांक नोंदवून ठेवावा.

मग जाऊच नये का?

जावे. बालीतील भातखाचरे आणि जावातील भाजीचे मळे याच राखेने सुपीक केले आहेत आणि तेथील लाखो लोक रोज या पर्वतांच्या सावलीतच राहतात. वर्षातील बहुतेक दिवस काहीही होत नाही. पण तेथील रहिवाशाला आपला ओढा, आपला रस्ता आणि आपली पळवाट माहीत असते. एका रात्रीच्या पाहुण्याला ती माहीत नसते. तो फरक भरून काढणारा लॉज निवडायचा. पातळी सांगणारा, ओढ्यापासून उंचावर असलेला, दोन वाटा असलेला आणि इशारा वाढताच ‘आता निघा’ म्हणणारा लॉज खिडकीतल्या दृश्यात थोडा कमी असला तरी चालेल.

आणि ज्यांना ही जोखीमच नको, त्यांच्यासाठी घराजवळ सोय आहे. पन्हाळा तालुक्यातील बांदिवडे येथे लाव्हा थिजताना तयार झालेले दगडी स्तंभ पाहायला मिळतात. सकाळी ते पाहावेत, संध्याकाळी पन्हाळ्यावर मुक्काम करावा. पायाखालचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालेला आहे. तेथे विचारायचे ते एवढेच, की पावसाळ्यात रस्ता चालू आहे ना.